नमुना

खानापूरच्या सरकारी दवाखान्यात, मागच्या अंगाला,
एक्स-रेच्या भिंतीला खेटून माझी खोली.
दारावर पाटी कन्नडात;
खाली कुणीतरी खडूनं मराठीत लिहिलंय : इथं डबी द्या.

लोक देतात. तोंड फिरवून, पदराआडून,
एकानं तर पेढ्याच्या खोक्यातून आणली.
मष्णू भरमा चोपडे, जांबोटीचा,
सरळ टेबलावर ठेवून म्हणाला,
"बाई, बघा की जरा.
पोट चालालंय का थांबालंय, मलाच कळंना झालंय."

मीठपाण्याचा थेंब, वर काच.
भिंग फिरवलं की हळूहळू धुकं बसतं
आणि अंडी दिसतात, पातळ कवचाची,
आत चार पेशी एकमेकींना टेकून,
थंडीत एका घोंगडीखाली झोपलेली पोरं जणू.
मी रजिस्टरात लिहिलं : अंकुशकृमी.

शिरला असणार तळव्यातून,
रोप लावताना, बोटांच्या बेचक्यातून.
दोन दिवस खाज सुटली असणार, यानं रॉकेल चोळलं असणार.
मग रक्तातून फुप्फुसात,
खोकल्याबरोबर वर गळ्याशी,
गिळला गेला की खाली आतड्यात मुक्काम.
एवढा प्रवास,
आणि वाटेत कुणी विचारलं नाही, कुठल्या बाजूचा तू.

गोळी दिली. कृमी गेले.
तीन महिन्यांनी मष्णू पुन्हा दारात.
नमुना स्वच्छ. मी दोनदा बघितला.
"मग आत अजून कोण गडबड करालंय?"

डॉक्टर शिरगुप्पी वाक्य कन्नडात सुरू करतात, मराठीत संपवतात.
म्हणाले, आतड्याच्या भिंतीत, स्नायूंच्या दोन थरांमध्ये
मज्जापेशींचं जाळं असतं.
डोक्याला न विचारता तेच ठरवतं :
ढकल, थांब, आवळ, सोड.
बाहेरचं कुणी घुसलं की भिंत लाल होते,
त्या धगीत काही पेशी बिघडतात, काही मरतात.
घुसलेला निघून जातो.
मेलेल्या सगळ्या परत येतातच असं नाही.
"नरा," म्हणाले, बोटानं हवेत दोरा ओढत.
"नसा," मी म्हणाले.
मष्णूनं दोन्ही शब्द ऐकले आणि पोटावर हात ठेवला.

"तुझ्या आत नेमकं काय झालंय
ते कापून बघितल्याशिवाय कुणी सांगणार नाही."
"कापू नगा."

मग डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली.
उंदरांत एक गंमत दिसलीय, म्हणाले.
एकदा कृमी येऊन गेला
की राखणदार पेशी जाळ्यापाशी बसून राहतात,
पुढच्या खेपेला दुसराच जंतू आला
तरी मज्जापेशींना तेवढं मरू देत नाहीत.
"आणि माणसात?"
"माणसाचं अजून कुणाला नीट माहीत नाही."

मष्णू बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता.
"म्हंजे चोर येऊन गेला, मग कुत्रं पाळलं."
आणि उठता उठता,
"पण त्या कुत्र्याला भाकरी कोण घालालंय?
मीच की."
असा नमुना. बिनफणीच्या केसांचा,
चप्पल पिशवीत घालून अनवाणी निघाला.
ओरडले मागून. हात हलवला त्यानं.

मी सगळ्यांना ओरडते.
आणि आषाढात मामाच्या शेतात, मलप्रभेच्या अल्याड,
पायाला चिखल लागल्याशिवाय लावण केल्यासारखं वाटत नाही म्हणून
मीच चप्पल बांधावर काढली होती.

शनिवारी दुपारी दवाखाना ओस.
शिपाई जेवायला गेलेला.
दार लोटून मी माझीच डबी उघडली.
थेंब. काच. धुकं बसायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

एकच.
डावीकडच्या कोपऱ्यात, चार पेशींचं,
अजून झोपलेलं.

रजिस्टर पुढं ओढलं. अनुक्रमांक दोनशे सतरा.
नाव : शांतला गावडे.
वय लिहिलं, गाव लिहिलं,
निदानाच्या रकान्याशी पेन थांबलं.

आणि आत, डोक्याला न विचारता,
कुठंतरी कुणीतरी हलकेच आवळलं,
सोडलं.